तर्कशास्त्र : हजर चौदा

६ सप्टेंबर १९८२, सोमवार

समितीत माझं नाव! आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

स्टाफरूमच्या फळ्यावर नोटीस लागलीय. अनुदानाचा हप्ता कापून आला, वर्षअखेर बारा हजारांची तूट पडणार, ती कशी भरून काढायची ते समिती ठरवणार. अध्यक्ष प्राचार्य प्रधान सर. सभासद वाणिज्यचे सुभाष सामंत, आणि मी. बैठकीची टिपणं लिहायला हेडक्लार्क भगवान साळवे.

मला का घेतलं? माझ्याहून जुनी माणसं काय थोडी आहेत? विचार केला तर उत्तर एकच निघतं. तर्कशास्त्र हा कॉलेजातला सगळ्यांत नवा विषय. अजून 'तात्पुरती मान्यता'. म्हणजे बाकीच्यांचे पगार सरकारकडून येतात, माझा संस्थेच्या तिजोरीतून. बारा हजार वाचवायचे म्हटल्यावर पहिली नजर कुठे जाणार? आणि उद्या मी बोंब मारली तर म्हणायला मोकळे — अहो, आगाशे मॅडम स्वतःच होत्या की समितीत!

सुधीर पावणे गावच्या रंगाच्या कारखान्यातून येऊन चहा पीत बसला होता. त्याला सांगितलं, तर म्हणतो, "अगं, मान दिलाय तुला." मान! या माणसाला रंगाच्या पिंपांपलीकडे जग दिसत नाही. ब्लॉकचा हप्ता दोन पगारांवर बेतलाय हे तरी त्याच्या लक्षात आहे का? वाशीला यायचा हट्ट त्याचाच होता.

७ सप्टेंबर, मंगळवार

अकरावी कला, तर्कशास्त्र. हजर चौदा. दहाच्या खाली वर्ग गेला की विषय आपोआप बंद, असा नियम आहे. म्हणजे माझ्या गाठीला चार जास्त. चारच.

९ सप्टेंबर, गुरुवार

आज तास फार छान झाला. अनुमान शिकवत होते — डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे आग असली पाहिजे. नेहमीचंच उदाहरण. सगळ्यांनी माना डोलावल्या. रोल नंबर नऊनं मात्र हात वर केला.

"बाई, सकालचं मिठागराव पन असाच धूर दिसतं. तो धूर नसतं, धुका असतं. जवल गेल्याशिवाय कलत नाय."

मी बघतच राहिले. आधीच्या कॉलेजापासून बारा वर्षं हे उदाहरण देतेय मी, एवढी नेमकी शंका कुणी काढली नव्हती. तिला माझं स्वतःचं पुस्तक वाचायला दिलं. घरी घेऊन जा म्हटलं, घाई नाही.

मी वर्गात नावं घेत नाही. माझ्या वहीत फक्त नंबर. नावं ऑफिसच्या रजिस्टरात असतात. नाव आलं की आडनाव येतं, आडनावामागे जात, गाव, बाप कोण — आणि मग मास्तरांचं मन झुकतं. माझ्याकडे ते चालत नाही. नऊ म्हणजे नऊ. सामंत मला यावरून चिडवतात, "मॅडम, तुमचा वर्ग आहे की रेशनचं दुकान?" चिडवू देत.

मानसशास्त्र सोडून ही चौदा मुलं माझ्याकडे आली. इतका रुक्ष विषय असून! ते उगीच नाही.

१४ सप्टेंबर, मंगळवार

साळवे माझ्या वर्गाबाहेर उभा होता.

मी फळ्यावर लिहीत होते. पाठीला डोळे असल्यासारखं कळतं मला. वळून पाहिलं तर हा व्हरांड्यात, हातात कागद, आणि बोटांवर काहीतरी मोजतोय. माझ्याकडे पाहिल्यावर नमस्कार केला आणि निघून गेला. हेडक्लार्कचं व्हरांड्यात काय काम? पाणी प्यायचं तर टाकी दुसऱ्या टोकाला आहे.

डोकी मोजत होता. दुसरं काय!

१६ सप्टेंबर, गुरुवार

आज वर्गात तिघं. फक्त तिघं! तिन्ही मुलगे — दोन, सहा आणि तेरा. अकरा मुलींपैकी एकही नाही.

साळवेनं परवा मोजलं काय आणि आज वर्ग रिकामा झाला काय. मी हजेरी नीट लिहिली. लपवाछपवी माझ्या स्वभावात नाही.

१७ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा चौदा. जणू काही झालंच नाही.

नऊ उभी राहून सांगायला लागली, "बाई, काल ना आमी—" मी म्हटलं, कारणं वर्गात नकोत, ऑफिसात लेखी द्या. एकाचं ऐकलं की चौदा जणांचं ऐकावं लागतं. ती बसली. पण नंतर तासभर वहीतून मान वर केली नाही तिनं.

आणि एक. घंटा झाली की या अकराजणी अशा पळतात की विचारू नका. मी पुस्तक मिटायच्या आत वर्गाबाहेर! आधी वाटायचं भूक लागत असेल. आता वाटतं, वर्गात काय चाललंय ते सांगायला तर कुणाकडे जात नाहीत?

२० सप्टेंबर, सोमवार

प्रधान सरांच्या केबिनमध्ये गेले तर साळवे आधीच तिथे. दोघं बोलत होते. मी आत पाऊल टाकलं आणि दोघं गप्प. टेबलावर आमच्या अकरावी कलाचं ऑफिसचं रजिस्टर उघडं पडलं होतं.

"या मॅडम, बसा," सर म्हणाले. मी बसले नाही. सह्या घेतल्या आणि निघाले. दार लावताना साळवेचा आवाज ऐकू आला — "मॅडमला अजून काई ठाव नाही, सर."

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. स्वप्न नाही.

२२ सप्टेंबर, बुधवार

जिन्यात साळवेनं गाठलं. तीन वर्षांत हा माणूस माझ्याशी पगाराच्या दिवसाशिवाय बोललेला नाही. परभणीकडचा. तुर्भ्याला भाड्यानं राहतो. कामाला चोख, अक्षर मोत्यासारखं — ते मी नाकारत नाही. पण मनात काय आहे याचा पत्ता लागू देत नाही.

"मॅडम, पाच मिनटं मिळतेन का? तुमच्या विषयाबद्दल बोलायचं होतं."

ओळखलं मी काय ते. पण मी कसली दाखवते! म्हटलं, "माझ्या विषयाबद्दल तुमचं काय काम?"

"न्हाई, म्हंजे तुमच्या वर्गातल्या पोरी... तुमाला ठावच असंल म्हना, पर मीटिंगच्या आधी एकदा—"

"साळवे, जे असेल ते लेखी द्या. तोंडी मी काही ऐकणार नाही."

तो एक पायरी खाली उतरला. मग म्हणाला, "बरं. लेखी देतो."

धमकी होती ती? आवाज मऊ होता. अशीच माणसं जास्त सांभाळायची असतात.

२३ सप्टेंबर, गुरुवार

सामंतांना सगळं सांगितलं. कुणाशी तरी बोलायलाच हवं होतं. त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. म्हणाले, "मॅडम, सावध राहा. लेखी देतो म्हणाला ना? म्हणजे मेमो. विषय बंद करण्याची आगाऊ सूचना. आणि एक लक्षात ठेवा — पाकीट हातात आलं तरी उघडायचं नाही. उघडलं की सूचना मिळाली असं होतं. न उघडलेलं पाकीट म्हणजे तुम्हाला काही माहीतच नाही! आमच्या आधीच्या कॉलेजात एका मास्तरांनी असंच दीड वर्ष काढलं."

निदान एक तरी माणूस आपल्या बाजूचा आहे. चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

२७ सप्टेंबर, सोमवार

आलं पाकीट.

शिपायाच्या हातून नाही, स्वतः घेऊन आला. खाकी, लांबट, चारी कडांनी नीट चिकटवलेलं. वर 'प्रा. सौ. सुमेधा आगाशे यांस — समक्ष'. म्हणाला, "मॅडम, मीटिंगच्या आधी वाचा बरं का. म्हंजे तुमाला तयारी करता यील."

तयारी! गळा कापायच्या आधी मानेला तेल लावा म्हणतो.

घेतलं. पोच म्हणून सही दिली नाही. त्यानं मागितलीही नाही, हे जरा विचित्र वाटलं. पण विसरला असेल.

२८ सप्टेंबर, मंगळवार

पाकीट कपाटात, पैठणीच्या घडीत. सुधीर म्हणतो, "बाँब आहे का त्यात? उघड की." त्याला काय जातंय.

३० सप्टेंबर, गुरुवार

नुसतं बसून कसं चालेल? मी काही कालची पोर नाही. विषय वाचवायचा तर बारा हजार दुसरीकडून काढून दाखवले पाहिजेत, आणि तेही त्यांनी तोंड उघडायच्या आत.

सामंतांनी ती दिशाही दाखवली. उरणची बस! कॉलेजनं उरणहून मुली आणायला भाड्यानं बस लावलीय. महिन्याला एकवीसशे रुपये. दुसऱ्या सत्रात सहा महिने चालेल — बारा हजार सहाशे. तूट तिथल्या तिथे भरून निघते! बसमध्ये मुली किती? तेवीस. साडेसातशे मुलांच्या कॉलेजात तेवीस जणींसाठी एवढा खर्च?

बिलंही त्यांनी मिळवून दिली. सप्टेंबरच्या बिलात मला एक गंमत सापडली. बस एक दिवस जासईजवळ बंद पडली होती, आलीच नाही. पैसे मात्र पूर्ण महिन्याचे लावलेत! हे मी बैठकीत ठासून मांडणार आहे.

मन जरा शांत झालं. आकडे हातात असले की मला बरं वाटतं.

४ ऑक्टोबर, सोमवार

धोंड्याचा महिना म्हणून आईनं ठाण्याहून जावयाला अनारसे पाठवले. तेहतीस, मोजून. त्यातले दोन मी खाल्ले.

दुपारी घरात कुणी नव्हतं. पाकीट काढलं. खिडकीशी धरून पाहिलं. आत एकच कागद. ओळीखाली ओळी दिसतात, यादीसारख्या. छापील मथळा दिसत नाही. मेमोला मथळा असतो ना?

उघडावं असं वाटलं. कात्रीसुद्धा घेतली हातात. मग सामंतांचं बोलणं आठवलं. यादी म्हणजे काय असणार — माझे दोष! तास उशिरा सुरू केला, मस्टरवर सही राहिली, सोळा तारखेला वर्गात तिघं. गेले तीन आठवडे मोजतोय तो. कात्री ठेवून दिली.

६ ऑक्टोबर, बुधवार

जिंकले!

सगळं लिहून ठेवते, कारण असा दिवस परत यायचा नाही. बैठक तीनला, सरांच्या केबिनमध्ये. साळवे कोपऱ्यातल्या स्टुलावर टिपणवही घेऊन. सरांनी कागदावरून वाचायला सुरुवात केली, "पर्याय एक, कमी पटाचे विषय..." — बघा! पहिलाच पर्याय! मी तिथेच थांबवलं. म्हटलं, सर, मला आधी बोलू द्या.

आणि मी बोलले. वीस मिनिटं. इतकं मुद्देसूद मी वर्गातही बोलत नाही. साडेसातशे मुलांच्या तोंडचा घास तेवीस जणींसाठी काढायचा का? ज्यांना शिकायचंय त्या एस.टी.नं येतील. बस भरवशाचीही नाही, हे बघा बिल. सर हनुवटीला हात लावून ऐकत होते. मधेच म्हणाले, "पण मॅडम, त्या मुलींना घरचे एस.टी.नं पाठवतील का?" मी म्हटलं, सर, भावनेवर बजेट चालत नाही. सामंतांनी टेबल वाजवलं.

तेवढ्यात साळवे उठून उभा राहिला. "सर, एक आकडा सांगायचा होता—"

"साळवे, तुम्ही टिपणं लिहा," सामंत म्हणाले.

तो बसला नाही. सरळ माझ्याकडे वळला. "मॅडम, पाकीट बघितलं का तुमी?"

सगळ्यांसमोर! काय हिंमत! मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "ते मी योग्य वेळी बघेन."

मग तो खाली बसला. लिहीत राहिला. निर्णय एकमतानं — दिवाळीच्या सुट्टीनंतर बस बंद. निघताना सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही इतकं ठाम बोलाल असं वाटलं नव्हतं. तुमच्यामुळेच निकाल लागला."

तर्कशास्त्र वाचलं! सुधीरला म्हटलं, आज बाहेर जेवू.

७ ऑक्टोबर, गुरुवार

कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. ओट्यावर दूध उतू गेलं तरी जाग नाही.

११ ऑक्टोबर, सोमवार

आमच्याकडे कामाला येणारी यशोदाबाई आज भांडी घासता घासता म्हणते, "बाई, तुमच्या कालेजाची बस बंद होनार हाय का?"

मी चमकले. हिला कसं कळलं? नोटीस तर अजून लागलीसुद्धा नाही.

"माजे बहिनीची पोर उरनशी येतं ना तुमच्या कालेजान. गोजरा. लय हुशार हाय. बस बंद झाली तं तिला घरान बसवतील. बापूस बोलतं, एकटी येस्टीनं जायाची नाय. साखरपुराच करून टाकतील बगा."

मी म्हटलं, मी कुणा गोजराला ओळखत नाही. आणि कॉलेजातली बातमी तुला दिली कुणी? तर म्हणते, "पोरीच बोलल्या. कारकून सायेबांनी सांगितला त्यांना."

बरोबर! साळवेच! आता माझ्या घरातल्या ओट्यापर्यंत माणसं पाठवायला लागला. दया यावी म्हणून. यशोदाबाईचं मला वाईट वाटलं, ती बिचारी साधी आहे. तिला दोन अनारसे दिले बांधून.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

नोटीस लागली. बसच्या निर्णयाखाली आणखी एक ओळ — वाणिज्य शाखेला टायपिंगची चार मशीनं. पैसे कुठून आले म्हणून विचारलं तर सामंत हसून म्हणाले, "बारा हजारांची तूट सरांनी जरा जास्तच धरली होती." चांगलं झालं. मुलं टायपिंग शिकतील.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

परीक्षेची गडबड. पर्यवेक्षणाहून परत येते तर नऊ स्टाफरूमच्या दाराशी उभी.

"बाई, जरा बोलायचा व्हता."

परीक्षा पुढ्यात असताना मुलं अशी का येतात ते मला पाठ आहे. आडून आडून प्रश्न काढायचे असतात. पण नऊनं? तिनं तरी असं करू नये असं वाटलं, आणि त्याचाच जास्त राग आला. म्हटलं, काय असेल ते परीक्षेनंतर.

"नाय, मंग नाय जमायचा," म्हणाली, आणि माझं पुस्तक पुढे केलं. नवीन खाकी कव्हर घातलं होतं. कोपरे अगदी सरळ दुमडलेले.

"झालं वाचून? इतक्यात?"

"अर्धा झाला, बाई."

मग परत कशाला देते? घाई नाही म्हटलं होतं ना मी? तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं. पाया पडली आणि गेली. हे पाया पडणं कशाला? परीक्षेच्या आधी! मला मुळीच आवडलं नाही. पेपर तपासताना तिचा गठ्ठ्याच्या तळाशी ठेवायचा, म्हणजे मन झुकायला नको.

२ नोव्हेंबर, मंगळवार

नऊला शंभरापैकी एक्याऐंशी. दोनदा तपासला. कुठे कापायला जागाच नाही.

१५ नोव्हेंबर, सोमवार

लक्ष्मीपूजन. ब्लॉकचा हप्ता वेळेवर गेला. सगळं सुरळीत. पाकीट पैठणीच्या घडीतून काढून या वहीत ठेवलंय. पैठणी नेसायची होती.

२९ नोव्हेंबर, सोमवार

दुसरं सत्र सुरू. हजर तीन.

दोन, सहा, तेरा. मी दहा मिनिटं वाट पाहिली. तेराला विचारलं, बाकीच्या कुठे? तो म्हणतो, "माहीत नाही मॅडम. त्या पोरी आमच्याशी बोलत नाहीत."

पहिला दिवस आहे. येतील उद्या.

३० नोव्हेंबर, मंगळवार

हजर तीन.

बसमुळे? क्षणभर तेही मनात आलं. पण छे! बसमध्ये तेवीस मुली, पाच वर्गांतल्या. माझ्या त्यांतल्या दोन असतील, फार तर तीन. अकराच्या अकरा? हे गणितात बसत नाही. अकरा मुली एकाच वेळी, एकाच विषयाला गैरहजर — याला योगायोग म्हणत नाहीत, याला कट म्हणतात. बैठकीत हरला म्हणून वर्ग फोडला त्यानं. मुलींशी त्याचं बोलणं होतं, हे यशोदाबाईच्या तोंडून आलंच आहे.

आज तो व्हरांड्यात उभा होता. माझ्या वर्गाकडे बघत होता. आज बोटांवर मोजत नव्हता.

१ डिसेंबर, बुधवार

तक्रार दिली. दोन पानी. 'हेडक्लार्क श्री. भगवान साळवे यांनी माझ्या विषयाविरुद्ध विद्यार्थिनींना चिथावून...' एकही शब्द खोडावा लागला नाही.

यशोदाबाई दोन दिवस आली नाही. उरणला गेलीय म्हणे, साखरपुड्याला.

२ डिसेंबर, गुरुवार

प्रधान सरांनी बोलावलं. माझी तक्रार पुढ्यात. चष्मा काढून डोळे चोळत बसले होते.

"मॅडम, महिनाअखेर मला पट कळवावा लागेल. तीन म्हणजे विषय बंद. माझ्या हातात काही राहत नाही, तुम्हाला माहीत आहे."

म्हटलं, म्हणूनच तक्रार केलीय. आधी त्या माणसावर कारवाई करा.

"साळव्यांवर?" सर कसंतरी हसले. "तुमच्या विषयासाठी हा माणूस सप्टेंबरात तीनदा माझ्याकडे आला होता. मी म्हटलं, तुम्ही मॅडमशी बोला, मला बाजू घेता येत नाही. बोलला नाही तुमच्याशी?"

मला त्यांचा अर्थच कळेना. म्हणजे सरही सामील? की सरांनाही त्यानं गुंडाळलं? मी म्हटलं, बोलायला आला होता, धमकी द्यायला. लेखी पुरावा आहे माझ्याकडे.

"मग तो जोडा," सर म्हणाले. "मोघम लिहून कुणाची नोकरी जाऊ नये."

जोडणार. उद्याच. आता पाकीट उघडायला काय हरकत आहे? सूचना मिळाली न मिळाली, आता सगळं सारखंच.

३ डिसेंबर, शुक्रवार

मेमो नाही. शिक्का नाही. ऑफिसचा कागदसुद्धा नाही, शाळेच्या वहीचा आखीव कागद आहे. साळव्यांचं अक्षर. डावीकडे माझे रोल नंबर, मग नाव, मग गाव. एक, जसखार. तीन, सोनारी. चार, जसखार. अशा अकरा ओळी. नऊ — गोजरा घरत, मु. करळ, ता. उरण. नऊसमोर कंसात लिहिलंय, 'फार हुशार'.

खाली एवढंच :

'मॅडम, बस पावणेदहाला येते. मानसशास्त्राचा तास साडेसातला होतो, म्हणून उरणच्या मुलींना तुमचाच विषय घेता येतो. चौदातल्या अकरा बसनं येतात. सोळा तारखेला बस आली नाही तेव्हा तुमच्या वर्गात तिघंच होते. बस राहिली तरच विषय राहील, आणि मुलीही शिकतील. हे मीटिंगमध्ये तुम्ही मांडावं. मी क्लार्क, माझं कुणी ऐकणार नाही. तुमचं ऐकतील.'

ऐकलं त्यांनी.